डोळे मिटा आणि जिवंत असल्याचं सिद्ध करा

लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवून घ्या, खाडीच्या पुलावर गाडी आली की तसंही कुणाचं काही ऐकू येत नाही.

आज तीन शब्दांबद्दल बोलायचंय. 'ब्लिंक युअर आइज.' बँकेचं ॲप म्हणा, शेअर ट्रेडिंगचं ॲप म्हणा, कुठेही ऑनलाइन केवायसी केलं असेल तर हे वाक्य तुम्ही बघितलेलं असण्याची शक्यता खूप आहे. स्क्रीनवर गोल चौकट येते, चौकटीत आपला चेहरा, खाली हे वाक्य. आपण पापणी हलवतो, हिरवी टिक येते, आपण पुढे जातो आणि विसरून जातो.

मी नाही विसरू शकत, कारण ती चौकट हेच माझं काम आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, बीटेक कॉम्प्युटर, राहते भाईंदर पूर्वेला. चौकटीतला माणूस खरोखर समोर बसलाय की कुणी त्याचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरलाय, हे ओळखणारा जो कोड असतो, त्याला आमच्यात 'लाइव्हनेस चेक' म्हणतात. मराठीत सांगायचं तर जिवंतपणाची तपासणी. ऐकायला भयंकर वाटतं, पण काम तेच आहे.

तर आमच्या एका क्लायंटला हे सगळं मराठीत हवं होतं. त्यांचे युजर कोण? पेन्शनर. तुमच्या घरी कुणी पेन्शनर असेल तर तुम्हाला नोव्हेंबर महिना माहीत आहे. हयातीचा दाखला! मी अजून जिवंत आहे असं दरवर्षी कळवायचं, नाही कळवलं तर पेन्शन थांबतं. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर सही करायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' आणलं आणि ते बोटाच्या ठशावर होऊ लागलं. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, मशीनवर काम केलेल्या हातांचे ठसे म्हातारपणी उमटतातच असं नाही. मग नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय आली. खासगी फंडांची, ट्रस्टची ॲपं आता त्याच वाटेने चाललीत. आमचा क्लायंट त्यातलाच एक.

माझ्याकडे तिकीट आलं: 'मराठी स्ट्रिंग्ज. अंदाजे वेळ: अर्धा दिवस.' स्ट्रिंग म्हणजे स्क्रीनवर दिसणारं वाक्य. बाकीच्या पस्तीस स्ट्रिंग्ज खरंच अर्ध्या दिवसात झाल्या. ही एक तीन आठवडे चालली.

कारण 'ब्लिंक'ला मराठीत शब्द नाही. थांबा, लगेच रागावू नका. शब्द नाही म्हणजे एक शब्द नाही. भरपूर आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

सगळ्यात ओळखीचा म्हणजे 'लवणे'. पापणी लवते. 'पापणी लवायच्या आत पाकीट गेलं', हे तर चर्चगेट फास्टमधलं नेहमीचं वाक्य. आता ह्या वाक्याचा कर्ता बघा. शाळेत विचारायचे ना, कर्ता कोण? पापणी. माणूस वाक्यात नाहीच. पाऊस पडतो, शिंक येते, तशी पापणी लवते. आपण काही करत नाही, आपल्याला फक्त ती असते. आणि म्हणून ह्या क्रियापदाची आज्ञा करता येत नाही. तुम्ही कुणाला 'लवा' म्हणालात तर तो माणूस कमरेत वाकेल. लवणे म्हणजे वाकणेही ना: लवून मुजरा, फळांनी लवलेली फांदी, लवचीक वेत. आमच्या टीममधल्या एकाने सुचवलं, 'पापण्या लववा'. व्याकरणात बसतं, आपण 'मान लववा' म्हणतोच. पण पापण्या लववा? स्वतः मोठ्याने म्हणून बघा. कुणी आपल्या पापणीला हाताने वाकवतंय असं वाटतं.

ह्याच 'लवणे'चा दुसरा संसार म्हणजे डोळा लवणे. एकच डोळा, खालची किंवा वरची पापणी आपोआप थरथरते. घरातल्या बायका लगेच विचारतात, कुठला? बाईचा डावा लवला तर चांगली बातमी, पुरुषाचा उजवा. उलटं असेल तर तोंडातून 'राम राम'. डॉक्टर ह्याला मायोकिमिया म्हणतात आणि बहुतेक वेळा कारण झोप कमी, चहा-कॉफी जास्त, डोळ्यांना ताण. माझा रिलीजच्या आठवड्यात डावा लवतो. चांगली बातमी आजवर आलेली नाही.

मग येतो 'मारणे'. डोळा मारला. इथे कर्ता आहे, आणि कसला आहे! पापणी बिचारी तीच, स्नायू तोच, पण क्रियापद बदललं की माणूस वाक्यात येऊन उभा राहतो आणि जबाबदारही होतो. गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने हा प्रश्न मांडला होता, आणि क्लिफर्ड गीर्ट्झ ह्या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ च्या आपल्या पुस्तकात तो गाजवला. दोन मुलं आहेत, दोघांच्या उजव्या डोळ्याची पापणी झटकन मिटली. एकाचा डोळा नुसता फडफडला, दुसऱ्याने मित्राला खूण केली. कॅमेऱ्याने दोघांचा फोटो काढला तर फरक दिसेल का? नाही. राइलना हे समजावायला परिच्छेद लिहावे लागले. आपली आजी एका शब्दात सांगते: ह्याचा लवला, त्याने मारला.

हा फरक नुसता गमतीचा नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत प्रिया प्रकाश वारियरने एका मल्याळम गाण्यात भुवई उडवून डोळा मारला आणि तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तो स्टेटसला ठेवला होता. त्यावर हैदराबादमध्ये चक्क एफआयआर झाला, जो सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केला. मधे जुलैत लोकसभेत राहुल गांधींनी पंतप्रधानांना मिठी मारून जागेवर येऊन डोळा मारला, त्यावर चॅनलवाल्यांचे दोन दिवस गेले. उलट बाजूला २०२१ साली मुंबईतल्या पॉक्सो कोर्टाने एका तरुणाला, चौदा वर्षांच्या मुलीला डोळा मारून फ्लाइंग किस दिल्याबद्दल, एक वर्षाची कैद सुनावली. ती शिक्षा मला योग्य वाटते. हालचाल तीच, एकीकडे स्टेटस, एकीकडे राजकारण, एकीकडे गुन्हा.

आणि एक अगदी वेगळं उदाहरण. १९६६ साली व्हिएतनाममध्ये कैदेत असलेला अमेरिकन नौदलाचा वैमानिक जेरेमाया डेंटन टीव्ही मुलाखतीला बसवला होता. तोंडाने तो सांगत होता की मला नीट वागवतात. पापण्यांनी मोर्स कोडमध्ये तो 'टॉर्चर' हा शब्द अक्षर अक्षर करून सांगत होता. समोरच्यांना वाटलं, दिव्यांचा त्रास होतोय. कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं, कळलं फक्त मोर्स जाणणाऱ्यांना. माझा कोड तेव्हा असता तर त्याने एवढंच लिहिलं असतं: ब्लिंक सापडला, माणूस जिवंत.

असो. परत तिकिटाकडे.

आम्ही उमेदवार शब्दांची यादी केली. मशीन ट्रान्सलेशनने 'डोळे लुकलुकवा' दिलं होतं. लुकलुकतात तारे, फार तर देव्हाऱ्यातला दिवा. ते पहिल्याच दिवशी बाद. राहिले चार: डोळे मिचकावा, डोळे झाका, डोळे मिटा, पापण्यांची उघडझाप करा. ऑफिसमध्ये ह्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ऑफिसमध्ये सगळ्यात म्हातारा माणूस एक्केचाळीसचा आहे. म्हणून एका रविवारी मी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक जुना फोन, एक स्टँड आणि डमी ॲप घेऊन बसले. ज्येष्ठ नागरिकांना चहा आणि खारी बिस्कीट. भाईंदरमधली सोसायटी म्हणजे एका मजल्यावर चार भाषा. त्यामुळे शेजारच्या गुजराती मासीही आल्या, 'आंख पटपटावो' एवढं साधं का नाही लिहीत म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

'डोळे मिचकावा' पहिलं. तळमजल्यावरच्या काकूंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "अगं, फोनला डोळा मारू की काय आता ह्या वयात?" सगळे हसले. पण त्या हसण्यात प्रॉब्लेम होता. मिचकावणे हा दोन अर्थांचा शब्द आहे. डोळा मिचकावला म्हणजे मारला. डोळे मिचकावले म्हणजे प्रकाश पडल्यावर होतात तसे पटपट उघडमीट केले. फरक कशाचा? डोळा आणि डोळे, एका मात्रेचा! चाळिशीचा चष्मा घरी राहिलेल्या माणसाला ती मात्रा दिसणार आहे का? आणि अनेकवचन दिसलं तरी 'डोळे मिचकावत म्हणाला' ह्यात खट्याळपणा आहेच. बँकेच्या कामाला बसलेल्या बाईला आपण खट्याळपणा करायला सांगत होतो.

'डोळे झाका'. रेल्वेतून रिटायर झालेल्या आजोबांनी क्षणाचाही विलंब न करता दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. बरोबरच आहे! झाकणे म्हणजे वरून काहीतरी घालणे. भांडं झाकतात, तोंड झाकतात. आमच्या ॲपने लिहिलं, 'चेहरा दिसत नाही'.

आता 'डोळे मिटा'. क्लायंटला हेच आवडलं होतं, छोटं, बटणात बसतं. आजोबांनी वाचलं, डोळे मिटले, आणि बसून राहिले. शांत. प्रार्थनेला बसतात तसे. दहा सेकंद झाले, ॲपचा टाइमर संपला, स्क्रीनवर लाल अक्षरात 'पुन्हा प्रयत्न करा' आलं. आजोबांचे डोळे मिटलेलेच. शेवटी मी म्हटलं, "आजोबा, उघडा." तर म्हणाले, "मिटा म्हणून लिहिलंय ना? उघडा कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, पुढच्या स्क्रीनवर लिहिलंय. ते म्हणाले, "मिटल्या डोळ्यांनी वाचू?"

मंडळी, हा बग मी कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये वाचलेला नाही. सूचना पाळली तर पुढची सूचना दिसत नाही. आणि मग आजोबांनी जे म्हटलं ते ह्या एपिसोडचं नाव झालंय. "पोरी, हा हयातीचा दाखला ना? अगं डोळे मिटले की तो संपतोच." खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. 'त्यांनी डोळे मिटले' ह्याचा अर्थ मराठीत काय होतो ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, बहुतेकांनी ते वाक्य घरच्या कुणाबद्दल तरी उच्चारलं असणार. इंग्रजीत ब्लिंक आणि क्लोज हे वेगळे शब्द असल्यामुळे ही पंचाईत तिकिटात दिसतच नाही.

त्या रविवारी मला एक गोष्ट लक्षात आली. ह्या क्रियापदांमध्ये कर्ता वेगळा आहे तसा वेळही वेगळा आहे. लवणे म्हणजे झटकन, इतकं झटकन की कळत नाही. मिटणे म्हणजे मिटून राहणे. कधी उघडायचे ते वाक्यात नाही. आता हा प्रश्न थेट माझ्या कोडचा आहे, तेव्हा दोन मिनिटं इंजिनियरिंग सहन करा.

पापणी हलली हे फोनला कसं कळतं? डोळ्याभोवती सहा ठिपके धरायचे: दोन कोपऱ्यांचे, दोन वरच्या पापणीचे, दोन खालच्या. वरचे-खालचे ठिपके किती लांब आणि कोपरे किती लांब, ह्यांचं गुणोत्तर काढायचं. प्राग शहरातल्या सौकुपोवा आणि चेक ह्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये ही युक्ती मांडली. डोळा उघडा असताना गुणोत्तर साधारण ०.३ च्या आसपास, मिटला की घसरतं. घसरलं आणि परत वर आलं, म्हणजे ब्लिंक. इतकं सोपं. फक्त वयाबरोबर पापणी खाली उतरते, चष्म्यावर ट्यूबलाइट चमकते, आणि म्हाताऱ्या माणसाचं गुणोत्तर डोळे उघडे असतानाच खाली असतं.

वर वेळेचं गणित. पापणीची एक उघडमीट साधारण ०.१ ते ०.४ सेकंदात होते. आपल्याकडे ह्यावरूनच वेळ मोजायचे: निमिष, निमेष. विष्णुपुराणात कोष्टक आहे, १५ निमेषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची कला, ३० कलांचा मुहूर्त, ३० मुहूर्तांचा दिवस-रात्र. गुणाकार करा: दिवसाला ४,०५,००० निमेष. ८६,४०० सेकंदांना त्याने भागा. एक निमेष म्हणजे ०.२१ सेकंद! बरोबर मधोमध. हे मी कॅल्क्युलेटरवर केलं तेव्हा दोनदा तपासलं. लगेच 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं फॉरवर्ड करू नका प्लीज. बघून मोजण्यासारखी गोष्ट होती, त्यांनी नीट बघितली, एवढंच.

फोनचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे निमेषात सहा फ्रेम. पुरेशा. पण संध्याकाळी कमी उजेडात स्वस्त फोन सेकंदाला पंधरावर येऊ शकतो. म्हणजे तीन. पापणी जरा घाईत हलली तर एखादीच, तीही अंधुक. म्हणजे खरी, नैसर्गिक, 'लवलेली' पापणी कॅमेऱ्यातून निसटते आणि 'मिटलेली' पापणी टाइमरमध्ये अडकते. मला हवं होतं ते दोघांच्या मधलं काहीतरी, जे माणूस स्वतःहून कधीच करत नाही, म्हणून ज्याला भाषेत शब्द पडलेला नाही. सावकाश, मुद्दाम, पण खट्याळपणा न करता, मिटून लगेच उघडणे. हे काम माणसांना सांगायची गरज आजवर पडलीच नव्हती.

किंवा एकदा पडली होती. तुम्हाला नल-दमयंती आठवते का? महाभारतातली गोष्ट, आणि मराठीत रघुनाथ पंडितांचं आख्यान आहे त्यावर. दमयंती विदर्भाची राजकन्या, म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर दाखवतात ते तिचं गाव. तिचं ठरलेलं, लग्न नलाशीच. स्वयंवरात बघते तर पाच नल बसलेत! इंद्र, अग्नी, वरुण, यम, चौघेही नलाचं रूप घेऊन. माझ्या धंद्यात ह्याला स्पूफिंग म्हणतात. दमयंतीने देवांनाच विनवलं की तुमच्या खुणा दाखवा, आणि मग तिला फरक दिसला. चौघांना घाम नाही, सावली नाही, गळ्यातले हार टवटवीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, आणि पापण्या लवत नाहीत. पाचवा घामेजलेला, धुळीने भरलेला, हार कोमेजलेला, आणि त्याची पापणी लवते. तिने त्याच्याच गळ्यात माळ घातली. देव 'अनिमिष', माणूस लवणारा.

ही माझ्या माहितीतली सगळ्यात जुनी लाइव्हनेस टेस्ट. पण नीट बघा, दमयंतीने नलाला 'ब्लिंक युअर आइज' असं सांगितलं नाही. ती फक्त बघत राहिली. पापणी आपोआप लवली हाच पुरावा होता. हुकूम दिल्यावर जी हलते ती पापणी माणूसपणाचा नाही, आज्ञाधारकपणाचा पुरावा आहे, आणि आज्ञा पाळायला तर डीपफेक व्हिडिओही शिकलाय. म्हणून नवीन सिस्टिम न विचारता बघतात: त्वचेवर उजेड कसा पडतो, चेहऱ्याला खोली आहे का. दमयंतीच्या पद्धतीकडे परत चाललोय. पण त्यालाही बरा कॅमेरा लागतो, आणि पेन्शनरच्या हातात बहुतेकदा नातवाचा जुना फोन असतो. तोवर स्ट्रिंग लिहावीच लागते.

२०२५ च्या जुलैत आपलं मीरा-भाईंदर मराठीवरून देशभर बातम्यांत होतं, मोर्चे निघाले, तुम्ही बघितलंच. मला दुकानातल्या मराठीपेक्षा स्क्रीनवरच्या मराठीची जास्त काळजी वाटते. दुकानदाराला तुमचं कळलं नाही तर तो हातवारे करतो. स्क्रीन तेच वाक्य पुन्हा दाखवते, आणि तिसऱ्या वेळी म्हणते, शाखेत या.

शेवटी जिंकलं ते 'पापण्यांची उघडझाप करा'. लांब आहे, दोन ओळींत जातं, डिझायनर अजून नाराज आहे. पण बघा, 'पावसाची उघडझाप चालू आहे' म्हटलं की ती कशी ते भाईंदरमध्ये कुणाला समजवावं लागत नाही. शब्दात उघडणं पहिलं आहे, झापणं नंतर, आणि परत उघडणं गृहीत आहे. कुणी डोळे मिटून बसून राहिलं नाही. आम्ही पुढे 'सावकाश' जोडलं आणि आवाजात सूचना दिली: "पापण्यांची सावकाश उघडझाप करा... झालं, धन्यवाद." 'झालं' हे मिटल्या डोळ्यांनाही ऐकू येतं. रेल्वेवाल्या आजोबांच्या पहिल्याच प्रयत्नात हिरवी टिक आली. म्हणाले, "सिग्नलसारखी उघडझाप, एवढंच ना!"

पण शब्द बरोबर आला तरी काही जणांचं काम होणारच नाही, आणि हे मला सोसायटीच्या खोलीत नाही, कोर्टाच्या निकालात कळलं. प्रज्ञा प्रसून ह्या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. २०२३ साली त्या बँकेत खातं उघडायला गेल्या. केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करा म्हणून सांगितलं. हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना झालेल्या इजेमुळे त्यांना ते शक्य नव्हतं. त्या स्वतः तिथे बसलेल्या, बोलत होत्या, आणि जिवंत असल्याचा पुरावा मागितला जात होता. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांच्याबरोबरच अमर जैन ह्या दृष्टिहीन वकिलांची याचिका होती, कारण ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याने चेहरा त्या चौकटीत आणायचा कसा? ३० एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन ह्यांच्या खंडपीठाने निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं, वीस निर्देश दिले, आणि त्यात स्पष्ट सांगितलं की जिवंतपणा तपासायला पापणीच्या उघडझापेपलीकडचे मार्गही असले पाहिजेत.

हा निकाल मी ऑफिसातून येताना अंधेरी ते भाईंदर उभ्याने वाचला. कारण माझ्या कोडमध्ये पापणी न हलवणाऱ्यासाठी एकच शब्द होता: 'फेल'. आणि फक्त ॲसिड हल्ल्याची गोष्ट नाही. चेहऱ्याचा अर्धांगवायू झालेल्यांचा एक डोळा मिटत नाही. कुष्ठरोगात नस गेली की पापणी बंद होत नाही, महाराष्ट्रात असे किती म्हातारे पेन्शनवर जगत असतील. त्यांच्यासाठी 'पापणी लवली नाही' ह्याचा अर्थ कणखरपणा नाही, डोळा कोरडा पडून दृष्टी जाणं आहे.

तर आता चौकटीखाली एक दुसरं बटण आहे. त्यावर दाबलं की ॲप मान डावीकडे-उजवीकडे वळवायला सांगतं, किंवा स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचायला, आणि तेही नको असेल तर व्हिडिओवर माणूस येतो, जो तुम्हाला 'नमस्कार' म्हणतो. बटणावर काय लिहायचं हे अजून ठरलेलं नाही. 'पापण्या हलवता येत नाहीत' असं क्लायंटने लिहिलंय. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, लोकांकडून त्यांचं दुखणं का वदवून घेता, 'दुसऱ्या प्रकारे' एवढंच लिहा. मला काकूंचं पटतंय. पुढच्या बुधवारी मीटिंग आहे, मी तेच मांडणार आहे.

जाता जाता: उत्तनच्या कोळीवाड्यात, वसईकडच्या वाडवळीत, मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत ह्या हालचालीला काय म्हणतात ते मला हवंय. घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. आणि नोव्हेंबर जवळ आलाय, त्यांचा दाखला झाला का तेही विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.